सात नंबरची हजेरी

शनिवारची दुपार, चार वाजायला आलेले, आणि प्रज्ञा प्रिंटरची रिबन आणायला गेलेली. बस, एवढंच काम होतं. चितळे रोडवरच्या दुकानातनं रिबनचा डबा घ्यायचा, शेअर रिक्षाने सावेडीला परत यायचं आणि डबा केदार सरांच्या हातात द्यायचा. रिक्षावाल्याने सहा जण कोंबलेले, सातवी प्रज्ञा अर्धी आत अर्धी बाहेर. केसांची झिपरी उडतेय, तोंडात चिंचेची गोळी, दप्तरात रिबन. पोरगी मजेत होती.

मजेत असायला कारण होतं. सकाळीच तिने एक उद्योग करून ठेवला होता.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालच्या जानेवारीतली. पिठाच्या गिरणीच्या वर केदार सरांचा कॉम्प्युटर क्लास. जिना चढेपर्यंत डोक्यावर पीठ बसायचं, आणि वर पोचलं की एसीचा गार वारा. माणूस म्हातारा होऊनच वर यायचा आणि वर येऊन थिजायचा. खिडक्यांना काळा कागद लावलेला. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत कायम अंधार, आणि त्या अंधारात हिरवी अक्षरं चमकणारे आठ टर्मिनल. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा न् कीबोर्ड. डोकं सगळं कोपऱ्यातल्या एकाच मोठ्या मशीनमध्ये. पुण्यातलं कुठलंसं ऑफिस बंद पडलं, तेव्हा सरांनी हे आठ डबे टेम्पोत घालून आणलेले. त्यावर एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरनं लिनक्स टाकलं, आणि खाली गिरणीच्या भिंतीवर पाटी रंगवली: 'येथे युनिक्स, लिनक्स शिकवले जाते. आमच्या मशीनला व्हायरस लागत नाही.'

ही पाटी प्रज्ञाच्या डोक्यात गेली होती. पलीकडच्या गल्लीतल्या क्लासात रोज कुणाची तरी फ्लॉपी व्हायरस घेऊन यायची, पोरांची धमाल चालायची. आणि इथे? लागतच नाही! प्रज्ञा बारावीला गणितात गचकलेली. घरी बसून काय दिवे लावणार म्हणून पप्पांनी इकडे घातलेली. तिला अभ्यासातलं फार कळत नव्हतं, पण 'हे होऊच शकत नाही' असं कुणी म्हटलं की तिच्या हाताला खाज सुटायची.

"चप्पल!" जिन्याच्या तोंडाशी रंगूमावशी ओरडली.

"काढतेय ना, मावशी."

"काडतीय न्हाई, आदी काड. मंग आत ये. वायरस घिऊन आली म्हंजी सर मला बोलत्यात."

रंगूमावशी झाडलोट करायची आणि दाराशी बसायची. क्लासात नवं जाजम टाकलं तेव्हा ते खराब होऊ नये म्हणून सर तिला म्हणाले होते, 'मावशी, चपला बाहेर. धुळीतनं व्हायरस येतो.' सर थट्टेत म्हणाले, मावशीने गाठीला बांधलं. तेव्हापासून दाराबाहेर चपलांची मांडणी, आणि त्या मांडणीची मावशी राखणदार. घरमालकाला तिने एकदा बुटासकट खाली हाकललं होतं.

"आत कोण कोण हाय त्ये मला चपलांवरनं कळतं," ती म्हणायची. "तुमच्या त्या मशिनीला न्हाई कळत."

प्रज्ञाने चपला भिरकावल्या. एक इकडे, एक तिकडे. मावशीने त्यांच्याकडे बघून उसासा टाकला.

"गुर्जी आस्ते तर सरळ लावल्या आस्त्या गं..."

गुरुजी म्हणजे दत्तोपंत. रिटायर झालेले प्राथमिक शिक्षक, वय सहासष्ट, आणि क्लासातले सगळ्यात हौशी विद्यार्थी. पायात टाचा झिजलेल्या वहाणा, उजव्या अंगठ्याला तांब्याच्या तारेने शिवलेल्या. रोज जाताना हा माणूस मांडणीवरच्या सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने सरळ लावायचा. टोकं जिन्याकडे, म्हणजे बाहेर पडणाऱ्याने पाय घातला की निघाला. नाकात तपकीर, आणि तपकिरीमागोमाग तीन शिंका. दोन नाहीत, चार नाहीत. तीन.

दिवाळीच्या आधी आठ दिवस गुरुजी गेले. झोपेतच. तेराव्याला क्लासातले सगळे त्यांच्या घरी गेले होते. शोभाकाकूंनी गुरुजींची छत्री आणि त्या तांब्याच्या तारेच्या वहाणा सगळ्यांसमोर दान दिल्या. रंगूमावशीसुद्धा पदर डोळ्याला लावून तिथेच उभी होती.

ते बसायचे सात नंबरच्या टर्मिनलवर, पहिल्या ओळीत. प्रज्ञा त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. येताजाता ते खालच्या आवाजात, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं विचारायचे, "काय, शेवटचा बाक? आज काय मोडलं?"

पाटीवरनं त्यांचं सरांशी एकदा वाजलंही होतं. "लागत नाही असं नसतं, केदारराव. हजेरी घेत नाही म्हणून कळत नाही."

आणि मग म्हाताऱ्याने एका बोटाने टाईप करत एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'हजेरी'. मशीनमधल्या एकेका फाईलचं नाव पुकारायचं आणि वजन करायचं. कालच्यापेक्षा कुणी लठ्ठ झाला? म्हणजे काहीतरी चोरून खाल्लंय, व्हायरस चिकटलाय. त्याला वर्गाबाहेर काढायचा आणि आदल्या हजेरीला जपून ठेवलेली जुनी प्रत त्याच्या जागी बसवायची. सरांनी कौतुकाने त्याला सगळ्या फायलींना हात लावायची परवानगी दिली, आणि म्हणाले, "गुरुजी, हे घड्याळावर लावून देतो. रोज आपोआप होईल."

"छे! हजेरी आपोआप घेतात का? मास्तरने समोर बसून घ्यायची."

रोज संध्याकाळी साडेपाचला गुरुजी स्वतः बटण दाबायचे. प्रिंटर कर्रकर्र करत यादी छापायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी: हजर, हजर, हजर. ते गेले आणि हजेरी थांबली. सात नंबरची वायरही सरांनी काढून ठेवली, दुसरीकडे लागली म्हणून. तो पडदा काळाठिक्कर होऊन तिथेच बसून होता. त्यांचं खातं मात्र सर काढीन काढीन म्हणत राहिले.

आणि तिथेच प्रज्ञाचा उद्योग सुरू होतो. कारण गुरुजींचा पासवर्ड अख्ख्या क्लासाला पाठ होता. म्हातारा टाईप करताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचा. "एस... एच... ओ... बी... एच... ए." बायकोचं नाव! पोरं खाली माना घालून हसायची.

आता प्रज्ञाने काय केलं ते नीट ऐका. युनिक्स म्हणजे एक लॉज समजा. प्रत्येकाला आपली खोली, आपली किल्ली. आपल्या खोलीत काय धिंगाणा घालायचा तो घाला, शेजारी शिरता येत नाही. म्हणून व्हायरस आला तरी एकाच खोलीत कोंडून राहतो. फक्त एका माणसाच्या कमरेला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. त्याला म्हणतात रूट. इथे रूट म्हणजे केदार सर. आणि खोलीत काय काय आहे ते बघायचं असलं की दोन अक्षरं मारायची, एल आणि एस. प्रज्ञाने सकाळी गुरुजींच्या नावाने आत शिरून, सगळ्यांच्या सामायिक खोलीत याच नावाची आपली एक फाईल ठेवून दिली. कुणीही तिथे एलएस मारलं की यादीच्या जागी हिचं भूत उठणार, आणि त्या माणसाच्या फायलींच्या शेपटाला एक ओळ चिकटवणार: 'दत्तोपंत हजर'. एकदाच. मग प्रज्ञा ती पुसून दाखवणार आणि म्हणणार, बघा सर, लागला का नाही व्हायरस! तुमची पाटी पुसा.

फक्त 'एकदाच' हे मशीनला सांगायचं ती विसरली होती.

आत आली तेव्हा क्लासात दोघंच. सर मोठ्या मशीनपाशी पेपर तपासत, आणि पाच नंबरवर शुभांगीताई, सोनईची. इथे एका खोलीत भाड्याने राहायची, स्टोव्हवर करून खायची आणि त्यातली अर्धी भाजी रोज प्रज्ञाच्या डब्यात टाकायची. सोमवारी तिचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट बघायला पुण्याहून परीक्षक यायचे होते. सहा महिने तिने एकच प्रोग्राम लिहिला होता. सोनईच्या आसपासच्या गावांत कुणाचं रक्त कुठल्या गटाचं, आणि अडीनडीला सगळ्यात जवळचा माणूस कोण. घरोघर हिंडून अकराशे माणसं लिहून आणली होती. ताईची आई बाळंतपणात रक्त मिळालं नाही म्हणून गेली, असं मावशीकडनं कळलं होतं. ताई स्वतः कधी बोलली नाही. फ्लॉपीवर प्रत होती, पण फ्लॉपीला पावसाळ्यात बुरशी लागली. म्हणजे जे काय होतं ते त्या एका मशीनमध्ये.

काल दुपारी ताईने शेवटचं पान लिहिलं, तेव्हा प्रज्ञा मांडी घालून शेजारीच होती. "शेवटी रक्त देणाऱ्याला काहीतरी म्हण ना, ताई. थँक्यू तरी!" असं म्हणून तिने स्वतःच कीबोर्ड ओढून ते टाईप केलं होतं.

पावणेपाच झाले. रिबन दप्तरातच राहिली, तिच्या लक्षातच नव्हतं. तिचा हात शिवशिवत होता. ती तीन नंबरवर बसली, गुरुजींच्या नावाने आत शिरली आणि ताईच्या पडद्यावर एक निरोप सोडला. लगेच बाहेर पडून मुकाट आपला धडा उघडून बसली.

पाच नंबरवर हिरवी अक्षरं उमटली: दत्तोपंत म्हणतात, शुभांगी, पाठीत वाकू नकोस. नीट बस.

ताई झटकन ताठ झाली. मग पांढरी पडली.

"सर... जरा इकडे या ना..."

सर आले. वाचलं. चष्मा वर केला. "कोण गंमत करतंय?" असं म्हणत त्यांनी प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञाचा चेहरा म्हणजे नुकतं धुतलेलं ताट.

"माझ्याकडे काय बघताय, सर? आमच्या घरात भुताला प्रवेश नाही. पप्पांना विचारा."

"भुताला नसेल, तुला आहे ना! थांब, आत्ता कळतं." सरांनी ताईच्याच कीबोर्डवर टाईप केलं: हू. म्हणजे आत कोण कोण आहे. मशीनने यादी दिली. केदार, मोठं मशीन. शुभांगी, पाच नंबर. प्रज्ञा, तीन नंबर. आणि चौथी ओळ.

दत्तोपंत. सात नंबर. दुपारी साडेतीनपासून.

प्रज्ञाच्या तोंडातली गोळी घशात गेली. तीन नंबर यायला पाहिजे होता... खरं तर काहीच यायला नको होतं, ती बाहेर पडली होती. आणि साडेतीनला तर ती चितळे रोडवर होती.

तिघांनी सात नंबरकडे पाहिलं. काळा पडदा. मागनं वायर नाही, भोक नुसतं.

"जुनी नोंद अडकून राहते कधी कधी," सर म्हणाले. आवाज जरा बारीक. "मी रूटनं बघतो."

"सर, नको—" प्रज्ञाच्या तोंडून निघालं. पण सर तोवर मोठ्या मशीनपाशी पोचले होते. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून ते सामायिक खोलीत शिरले, आणि रोजच्या सवयीने दोन अक्षरं मारली. एल. एस.

झालं! मालकाच्या हातानेच सगळ्या खोल्यांची दारं उघडली.

आधी काहीच झालं नाही. मग मोठ्या मशीनच्या पोटातनं आवाज यायला लागला. करकर, करकर, कुणीतरी आत बसून सुपारी कातरतंय तसा. लाल दिवा लागला तो विझेचना. आठांपैकी सात पडद्यांवर एकच ओळ खालून वर सरकायला लागली. दत्तोपंत हजर. दत्तोपंत हजर. दत्तोपंत हजर.

"अरे, हे काय... सगळ्यात शिरतंय हे!" सर एकाला मारायचे तोवर चार नवे उठायचे.

"सर, बंद करा ना मशीन!"

"बंद केलं तर उघड्या फायली अर्ध्यावर तुटतील. तुझी उघडी आहे ना?"

ताईने मान हलवली. तिच्या पडद्यावर माणसांची नावं होती, गावासकट, रक्तगटासकट, आणि प्रत्येक नावाच्या शेपटाला आता ती ओळ लोंबत होती. एकदा, दोनदा, दहादा. वजन वाढत होतं, मशीनमधली जागा भरत होती. शेवटची जागा भरली की जुनं नीट लिहिलं जाणार नाही, नवंही नाही. अकराशे माणसं त्या चिखलात जाणार.

ताई रडली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली. ते प्रज्ञाला जास्त लागलं.

सांगून टाक, प्रज्ञा स्वतःला म्हणाली. पण सांगून होणार काय? पुसायचं कसं ते तिला एका फाईलपुरतं माहीत होतं. इथे हजारो. आणि सांगितलं की सर क्लासातनं काढणार, ताई तोंड बघणार नाही. पायाखालचं जाजम बर्फासारखं गार लागत होतं.

खाली गिरणी थांबली. रोज साडेपाचला थांबायची. ती थांबली की क्लासात एकदम शांतता व्हायची, इतकी की एसीतनं ठिबकणारं पाणी ऐकू यायचं. टप... टप...

आणि त्या शांततेत कुणीतरी शिंकलं.

पहिल्या ओळीतनं.

सर प्रज्ञाकडे बघायला लागले, प्रज्ञा ताईकडे. तिघांची तोंडं मिटलेली होती. दुसरी शिंक आली, जरा दाबलेली, रुमालातली. एसीच्या गार हवेत हळूहळू एक वास पसरला. तिखट, कोंदट, जुन्या पितळी डबीतला. तपकिरीचा.

तिसरी शिंक कधी येते याची तिघंही वाट बघत होती. आली.

आणि सगळे पडदे विझले. एकदम, आठच्या आठ. नाही... सात विझले. आठवा, सात नंबरचा, लागला. वायर नसलेला. त्यावर काही अक्षर नव्हतं, नुसता मंद हिरवा उजेड.

मशीनच्या पोटातली करकर थांबली होती. बंद पडलं नव्हतं, पंखा चालू होता. श्वास धरून थांबल्यासारखं.

"सर..." ताई कुजबुजली. "दार उघडू का?"

"हलू नको."

प्रज्ञाच्या समोरचा तीन नंबर परत लागला. त्यावर तीन शब्द होते, फक्त तिच्या पडद्यावर.

काय, शेवटचा बाक?

ते नाव सरांना माहीत नव्हतं. ताईला माहीत नव्हतं. कुणालाच नाही. खाली आणखी एक ओळ उमटली, सावकाश, एका बोटाने टाईप केल्यासारखी, अक्षर... मग थांबून दुसरं अक्षर.

ज्याने केलं त्याने उभं राहायचं. मी पाठ करून उभा आहे. दहा म्हणेपर्यंत.

हा गुरुजींचा शाळेतला नेम होता, त्यांनीच एकदा चहा पिता पिता तिला सांगितलेला. वर्गात काही मोडलं की ते कुणाला विचारायचे नाहीत, मारायचे नाहीत. फळ्याकडे तोंड करून मोठ्याने दहा म्हणायचे. "पस्तीस वर्षांत एकदाही कुणी उभं राहिलं नाही असं झालं नाही," म्हणाले होते. "पोरगं मोठं असतं गं. त्याला फक्त आपली पाठ लागते."

पडद्यावर आकडा आला. एक.

दोन.

प्रज्ञाने ताईकडे पाहिलं. पाच.

सहा. सात नंबरच्या मंद उजेडात खुर्चीची पाठ दिसत होती. रिकामी. पण खुर्ची वळलेली होती, भिंतीकडे तोंड करून.

आठ.

नऊ...

"मी केलं!" प्रज्ञा उभी राहिली. खुर्ची मागे आपटली. "सर, मी केलं. ताई, मी. गुरुजींच्या नावाने शिरले, सकाळी. गंमत करायची होती. पाटी खोटी आहे हे दाखवायचं होतं. एकदाच चिकटायला पाहिजे होतं गं ताई, आईशप्पथ... मला लिहिता नाही आलं नीट..."

कुणी काही बोलायच्या आत कोपऱ्यातला प्रिंटर जागा झाला.

कर्र. कर्र. कर्र. कागद वर यायला लागला. सर उठले, वाकून वाचायला लागले. आधी मनात, मग हळूच मोठ्याने.

"केदार, पहिली फाईल... लठ्ठ. वर्गाबाहेर. जुनी आत. केदार, दुसरी... लठ्ठ. वर्गाबाहेर. जुनी आत..."

एकेक नाव पुकारलं जात होतं. अर्धा तास ते चाललं. तिघं प्रिंटरभोवती, काकडलेली, पण कुणी एसी बंद करायला उठलं नाही. मध्येच मावशीने दार ढकलून मुंडी आत घातली.

"च्या आनू का? आन् गुर्जींची तपकीर कुनी सांडली वो हितं?"

"मावशी... दार लावा," सर म्हणाले. "आणि चहा आणा. आणाच."

शेवटी ताईची पाळी आली. शुभांगी, पहिली फाईल. ताईने प्रज्ञाचा हात धरला, किंवा प्रज्ञाने तिचा, सांगता येत नाही. लठ्ठ. वर्गाबाहेर... आणि मग प्रिंटर थांबला. बराच वेळ. डोकं कागदावर नुसतं थरथरत राहिलं.

"ताईची जुनी प्रत नसणार," सर अगदी खाली बोलले. "गुरुजी ऑक्टोबरात गेले. हिचं निम्मं काम त्याच्या नंतरचं आहे..."

कर्र. जुनी आत. हजर.

कर्र. हजर. हजर. हजर.

तसे सगळे पडदे उजळले. ताई धावत पाच नंबरवर गेली. नावं स्वच्छ. गाव, गट, सगळं. अकराशे चार, तिने मोजायला लावलं, अकराशे चार. शेवटच्या पानावर गेली, काल दुपारच्या. तेही होतं. ताई हसली, ओढणीने नाक पुसलं, परत हसली, आणि मग पडद्याकडे बघत म्हणाली, "प्रज्ञा... हे तू आज दुरुस्त केलंस का गं?"

"काय?"

"थँक्यू. काल तू एच विसरली होतीस. टी, ए, एन, के. मी म्हटलं सोमवारी सकाळी करू."

प्रज्ञा वाकली. टी, एच, ए, एन, के. एच आपल्या जागेवर, शहाण्यासारखा उभा होता.

चहा आला. आल्याचा, कपबशीत. चौघांनी भुरके मारत प्याला आणि पोटात ऊब गेली तसा सरांना आवाज फुटला. त्यांनी सगळं तपासलं. हजेरी कुणी चालू केली? नोंद होती: दत्तोपंत, सात नंबर, साडेपाच. घड्याळावर लावलेली होती का? नव्हती. मग त्यांनी तपासणं सोडून दिलं.

"मला क्लासातनं काढणार ना, सर?" प्रज्ञाने विचारलं.

"काढलं असतं." सरांनी कागदाची लांबच लांब यादी घडी घालायला घेतली. "पण हे बघ काय छापलंय शेवटी. मी तर नाही सांगितलं त्याला."

यादीच्या तळाला, सगळ्या फायली संपल्यावर, एक ओळ होती.

प्रज्ञा: उभी राहिली. सोमवारपासून पहिला बाक.

प्रज्ञाने ती चारदा वाचली. मग तिला हसू आलं, डोळ्यांत पाणी असताना येतं तसलं. अख्ख्या शाळेत तिला कुणी पहिल्या बाकावर बोलावलं नव्हतं.

"म्हणजे रोजची हजेरी आता तुझ्याकडे," सर म्हणाले. "समोर बसून घ्यायची. घड्याळावर नाही. आणि पाटी उद्या मी पुसतो." त्यांनी कागद उजेडात धरला. "छापलंय किती काळंभोर! जुनी रिबन तर दुपारीच काढून टाकली होती मी, फाटलेली. नवी छान दिसतेय. कधी लावलीस गं?"

प्रज्ञाने दप्तरात हात घातला. डबा तिथेच होता. वरची प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. तिने हात तसाच बाहेर काढला आणि दप्तराची बक्कल लावून टाकली.

बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. ताई प्रज्ञाच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होती, तुझ्यामुळे माझा जीव जाता जाता राहिला, आता उद्या तूच मला वांग्याची भाजी आणून द्यायची. प्रज्ञा म्हणत होती, आणते की, सोमवारी सकाळी परीक्षकांना पण आणते. सर मागनं हसले. मावशी कुलूप हातात घेऊन मांडणीपाशी थांबली होती, आणि कुलूप लावत नव्हती.

"मावशी, लावा ना."

"लावते. पन आत कोन ऱ्हायलंय?"

"कुणी नाही. आम्ही तिघं, तुम्ही चौथ्या," प्रज्ञा म्हणाली.

"मंग ह्ये कुनाचं?"

मांडणीवर चपला सरळ लागल्या होत्या. जोडीजोडीने, टोकं जिन्याकडे, पाय घातला की निघालं. सरांचे बूट, ताईच्या सँडल, मावशीच्या रबरी चपला, आणि एक इकडे एक तिकडे भिरकावलेल्या प्रज्ञाच्या चपला शेजारी शेजारी.

आणि कडेला पाचवी जोडी. टाचा झिजलेल्या वहाणा, उजव्या अंगठ्याला तांब्याची तार. फक्त त्यांचीच टोकं आत वळलेली होती, क्लासाकडे.